जपानी सुरीची कुळकथा

गेल्या वर्षीं माझा एक भाचा नोकरीच्या निमित्तानें सहा महिने ओसाका येथें राहून परत आला, तेव्हां त्यानें आपल्या मामीकरितां एक सुरी आणली. पातें वीतभराहून थोडें लांब, टोंकाकडे निमुळतें होत गेलेलें. मूठ पांढुरक्या लांकडाची, अष्टकोनी. हातांत घेतली असतां वजनच लागेना. पाठीकडून पाहिली तर रुपयाच्या नाण्याएवढी जाड, आणि धारेकडे येतां येतां तेवढीही जाडी कोठें नाहींशी होई तें कळत नसे. पहिले चार दिवस घरांत तिचें फार कौतुक झालें. कांदा चिरतांना डोळ्यांस पाणी येईना. टोमॅटोची चकती उजेडाकडे धरली तर पलीकडचें दिसे. पांचव्या दिवशीं कोणीं तरी तिनें सुक्या खोबऱ्याची वाटी कापावयास घेतली, आणि धारेचा तांदळाच्या कणीएवढा तुकडा उडाला.

"एवढ्या किंमतीची सुरी, आणि तिला खोबरें कापवत नाहीं?" असा आमच्या घरांतून सवाल आला. "मामी, ती खोबऱ्यासाठीं नाहींच मुळीं," हें भाच्याचें उत्तर. परंतु याच भाच्यानें सुरी देतांना मोठ्या अभिमानानें सांगितलें होतें कीं, ही सामुराईंच्या तलवारीच्या वंशांतली आहे. पेटींतल्या छापील चिठ्ठींतही तसेंच लिहिलें होतें. जिच्या पूर्वजांनीं रणांगणावर माणसांचीं हाडें तोडलीं, तिनें खोबऱ्याच्या वाटीपुढें हार खावी, हें मला चमत्कारिक वाटलें. सुरीच्या अंगीं कांहीं दोष असावा, किंवा तिच्या कुळाविषयीं सांगितलेली गोष्ट तरी खोटी असावी. या शंकेपायीं जें थोडेंबहुत वाचन घडलें त्याचें फळ वाचकांपुढें ठेवीत आहें.

या सुरीला जपानी भाषेंत ‘ग्यूतो’ म्हणतात. ‘ग्यू’ म्हणजे गाय किंवा बैल, आणि ‘तो’ म्हणजे तलवार अथवा सुरी. नांवांत तलवार आहे खरी. पण तिच्या आधीं बैल उभा आहे, आणि या सुरीच्या इतिहासाची किल्ली, माझ्या मतें, त्या बैलापाशींच आहे. स्वयंपाकघरांतील सुरीला जपानी भाषेंत जो सर्वसामान्य शब्द आहे तो ‘होचो’. हा शब्द मूळचा चिनी, आणि मुळांत तें सुरीचें नांवच नव्हे. च्वांग-त्सु या प्राचीन चिनी तत्त्वज्ञाच्या नांवावर असलेल्या ग्रंथांत एका राजाच्या बल्लवाची कथा आली आहे. हा बल्लव राजासमोर बैल कापीत असतां त्याच्या हातापायांची हालचाल एखाद्या नर्तकासारखी तालांत चालली होती. राजानें कौतुक केलें, तेव्हां तो म्हणाला कीं, सामान्य खाटकाला महिन्याकाठीं सुरी बदलावी लागते, कारण तो तोडतो. चांगल्या खाटकाला वर्षाकाठीं बदलावी लागते, कारण तो कापतो. माझी सुरी मात्र एकोणीस वर्षांची आहे, तिनें हजारों बैल सोडविले, तरी ती आजच दगडावरून उतरल्यासारखी आहे. सांध्यांमध्यें फटी असतात आणि धारेला जाडी नसते. ज्याला जाडी नाहीं तें फटींत शिरलें तर त्याला हवी तेवढी मोकळी जागा आहे. त्या बल्लवाचें नांव ‘पाओ-तिंग’, आणि याच अक्षरांचा जपानी उच्चार ‘होचो’. प्रथम हा शब्द निष्णात आचाऱ्याला लागला, नंतर त्याच्या सुरीला ‘होचो-गाताना’ म्हणूं लागले, आणि पुढें शेपूट गळून नुसती सुरीच ‘होचो’ झाली.

हाडाला न भिडणारी, जाडी नसलेली सुरी! दोन हजार वर्षांपूर्वीं कल्पिलेल्या त्या सुरीचें वर्णन वाचतांना मला आमच्या खोबऱ्याच्या वाटीची आठवण झाल्याशिवाय राहिली नाहीं.

गंमत अशी कीं, ज्या देशानें बैल कापणाऱ्याचें नांव आपल्या सुरीला दिलें त्याच देशांत बैल कापणें शतकानुशतकें निषिद्ध होतें. इ. स. ६७५ मध्यें सम्राट तेम्मु यानें गाय-बैल, घोडा, कुत्रा, माकड आणि कोंबडी यांचें मांस खाण्यास बंदी केली. बंदी वर्षाच्या ठराविक महिन्यांपुरतीच होती, आणि डुक्कर व हरिण तींतून सुटले होते; परंतु पुढें बौद्ध धर्माचा पगडा, शेतकऱ्याला बैलाची असलेली गरज आणि विटाळाच्या कल्पना या सर्वांनीं मिळून त्या बंदीला रूढीचें बळ दिलें. लोक मांस अजिबात खात नसत असें नव्हे. रानडुकराला ‘डोंगरांतला देवमासा’ म्हणावयाचें आणि औषध म्हणून चापावयाचें, ही युक्ति तिकडेही होती. एका जहागिरीचा अधिपति तर शोगुनास मुरविलेलें गोमांस औषध या नांवाखालीं नजर करीत असे. पण राजरोस पाकशाळेंत बैल नव्हता, त्यामुळें बैलाची सुरीही नव्हती. जपानी आचाऱ्याचें सर्व चातुर्य माशांवर आणि भाज्यांवर खर्च झालें. माशाला हात न लावतां, एका हातांत लोखंडी काड्या व दुसऱ्या हातांत सुरी धरून तो चिरण्याचा एक दरबारी विधि हेइयान काळापासून चालत आलेला आहे. अशा लोकांनीं प्रत्येक कामाला वेगळी सुरी केली यांत नवल नाहीं: माशाचीं डोकीं व हाडें तोडण्यास जाड पाठीची ‘देबा’, भाजीस रुंद व पातळ ‘उसुबा’, कच्च्या माशाचे काप काढण्यास लांब आणि अरुंद ‘यानागिबा’. या सर्वांना धार एकाच अंगानें लावलेली असते. दुसरें अंग सपाट, किंबहुना किंचित् खोलगट.

माझ्या भाच्याच्या सुरीला मात्र धार दोन्ही अंगांनीं आहे, आणि ती या तिघींपैकीं कोणासारखीही दिसत नाहीं. तेव्हां ती या घराण्यांत आली कोठून? हें समजण्यास ओसाकाच्या दक्षिणेस असलेल्या साकाई या बंदरांत गेलें पाहिजे.

साकाई हें सोळाव्या शतकांत व्यापाऱ्यांनीं आपलें आपण चालविलेलें शहर होतें. चहापानाच्या विधीला कळस चढविणारा सेन नो रिक्यू हा १५२२ मध्यें येथेंच एका व्यापाऱ्याच्या घरीं जन्मला. १५४३ मध्यें तानेगाशिमा बेटावर पोर्तुगीज लोक उतरले, त्यांच्या बंदुका जपान्यांनीं पाहिल्या, आणि थोडक्याच काळांत साकाईचे लोहार बंदुका करूं लागले. पोर्तुगीजांच्या मागोमाग पाद्री आले. ज्यांचा देह जुन्या गोव्यांतील बॉम जेझूस चर्चमध्यें ठेवलेला आहे ते सेंट झेवियर १५४९ च्या एप्रिलांत गोव्याहूनच जपानकडे निघाले होते, आणि क्योतोच्या वाटेवर साकाईंतही येऊन गेले. त्यांच्या धर्माला पुढें जपानांत फार हाल सोसावे लागले. १६३९ मध्यें पोर्तुगीज जहाजांना बंदरें कायमचीं बंद झालीं. परंतु त्यांच्याबरोबर आलेली एक वस्तु कोणाच्यानें हांकलवली नाहीं. ती म्हणजे तंबाखू. शोगुनांनीं तिच्यावरही बंदीहुकूम काढून पाहिले; लोक ओढीतच राहिले.

ही तंबाखू त्याच पोर्तुगीजांच्या कृपेनें आमच्याकडेही आली. अकबराचा वकील असद बेग सतराव्या शतकाच्या आरंभीं ती विजापुराहून बादशहाकडे घेऊन गेला, ही कथा इतिहासज्ञांस ठाऊकच आहे. आमच्या लोकांनीं ती तळहातावर चुन्याशीं मळली, किंवा गुळांत कालवून गुडगुडींत घातली. या दोन्ही प्रकारांत पान कसें कापलें याला फारसें महत्त्व नाहीं. जपान्यांनीं तिच्यासाठीं ‘किसेरू’ नांवाची बारीक नळी काढली. तिच्या टोंकाची वाटी इतकी लहान कीं तींत वाटाण्याएवढी गोळी राहील. एवढ्याशा वाटींत पान नीट जळावें तर तें केसासारखें बारीक कापलें पाहिजे. पानांच्या थप्पीवर फळी दाबून धरून रुंद पात्याच्या सुरीनें तें कापीत. त्या सुरीची धार जरा बोथटली, किंवा कोठें किंचित् वांकडी गेली, कीं केसाऐवजीं चुरा पडे. साकाईच्या लोहारांनीं ही सुरी इतकी साधली कीं पुढें अठराव्या शतकांत शोगुनाच्या सरकारानें तिच्यावर ‘साकाई किवामे’, म्हणजे ‘साकाईची पारख’, अशी मोहोर उठवून ती सर्व देशभर विकण्याचा मक्ता त्या शहराला दिला. बंदुका मागें पडल्या, सुरी राहिली.

आतां मेजी काळाकडे येऊं. १८५९ मध्यें योकोहामा बंदर परकीयांस खुलें झालें. ते लोक गोमांसावांचून राहीनात. १८७२ मध्यें खुद्द सम्राटानें गोमांस खाल्लें आणि तें वर्तमान प्रजेला कळविण्यांत आलें. हा प्रकार सर्वांस रुचला असें नाहीं: त्याच वर्षीं दहा धर्मनिष्ठ यात्रेकरू, देशांत मांसाहार शिरल्यापासून देव निघून चालले, अशा तक्रारीनें राजवाड्यांत घुसले, आणि त्यांतले कांहीं पहारेकऱ्यांच्या हातून मारले गेले. एका ताटांतल्या पदार्थासाठीं माणसें मरावयास तयार होतात हें आम्हां हिंदी लोकांस समजावून सांगावयास नको. पण शहरांतील तरुण पिढी मात्र गोमांसाच्या कढईभोंवतीं मांडी घालून बसूं लागली आणि तें खाणें म्हणजे सुधारणा असें मानूं लागली. उपाहारगृहें निघालीं, पाश्चात्य पद्धतीचे आचारी तयार झाले, आणि त्यांच्याबरोबर फ्रेंच व जर्मन आचाऱ्यांची लांब, त्रिकोणी, दोन्ही अंगांनीं धार असलेली सुरी आली. जपानी लोहारांनीं तिची नक्कल केली आणि तिला नांव दिलें ‘ग्यूतो’. म्हणजे जिचें कुळ तलवारीपर्यंत नेऊन भिडवितात ती सुरी जन्मानें विलायती आहे, आणि तिला जपानांत आणलें तें बैलानें.

मग तलवारीचें काय? १८७६ च्या मार्चमध्यें सरकारानें हुकूम काढून, सैनिक, पोलिस आणि दरबारी पोशाखांतले अधिकारी यांखेरीज कोणींही कमरेला तलवार लावूं नये असें ठरविलें. तलवारी घडविणाऱ्या शेंकडों घराण्यांच्या पोटावर पाय आला. त्यांतले कित्येक विळे, वस्तरे, सुतारांचीं हत्यारें आणि सुऱ्या करूं लागले, यांत शंका नाहीं. सेकी हें गांव तर तलवारींचेंच होतें आणि आज तें सुऱ्यांचें आहे. शिवाय ‘होन्याकी’ नांवाची एक दुर्मिळ जात आहे, तिचें सबंध पातें पोलादाचें असून पाठीला मातीचा जाड लेप देऊन मगच तिला पाणी देतात. ती रीत खरोखर तलवारीचीच आहे. एवढें मान्य करूनही माझें म्हणणें असें कीं, हे नातें लांबचें आहे, आणि तें जवळचें करून दाखविण्यांत विक्रेत्याचा हात आहे. तलवारीचें वजन शेराच्या वर आणि पाठ बोटाच्या अर्ध्या जाडीएवढी. घाव हाडावर बसला तरी ती तुटतां कामा नये, हा तिचा पहिला धर्म. पातळ ग्यूतोचें वजन सारें दीडपावणेदोनशें ग्रॅम, पाठ दोन मिलिमीटरांच्या आसपास. हाड दिसतांच बाजूस होणें हा तिचा धर्म. तलवारीचें पोलाद तातारा भट्टींत काळ्या रेतीपासून काढीत. सुऱ्यांना मेजी काळांत बहुधा इंग्लंडहून आलेलें पोलाद लागलें, आणि नंतर यासुगी येथील कारखान्याचें, ज्याची सुरुवात १८९९ सालीं झाली. त्या पोलादांचीं नांवें ‘पांढरा कागद’ आणि ‘निळा कागद’ अशीं आहेत. कारण काय, तर कारखान्यांत लाद्यांना त्या त्या रंगाचे कागद चिकटवीत! मला या नांवांत तलवारीच्या सर्व दंतकथांपेक्षां अधिक खरेपणा वाटतो.

साकाईपुरतें बोलावयाचें तर त्या शहराला १८७६ च्या हुकुमाहून दुसरा एक कायदा अधिक झोंबला असला पाहिजे. यंत्रानें तंबाखू कापणें सुरू झालेंच होतें; १९०४ मध्यें सरकारानें तंबाखूचा सारा धंदा आपल्या हातीं घेतला. तंबाखूच्या सुरीची मागणी आटली. तेव्हां या लोकांपाशीं काय उरलें होतें? केसासारखें बारीक कापणारी धार शेंकडों वर्षें लावून तयार झालेले हात. विलायती आकाराची सुरी अशा हातांत पडली, आणि ते हात तिला घांसत घांसत पातळ करीत गेले. आकार फ्रेंचांचा, पोलाद प्रथम इंग्रजांचें, निमित्त बैलाचें, आणि पातळपणा तंबाखूच्या शाळेंत शिकलेला, अशी मला तरी या सुरीची कुळकथा दिसते.

पातळपणाविषयीं थोडें अधिक लिहिलें पाहिजे, कारण धार आणि पातळपणा या दोन वस्तु एकच आहेत असा आपला सामान्य समज असतो. धार केवळ वाट उघडते. त्या वाटेनें सबंध पात्याला जावें लागतें. जाड सुरीला कितीही धार लावा, ती गाजरांत अर्ध्यावर गेली कीं पाचरीसारखी अडते, आणि उरलेलें गाजर चिरलें न जातां कडकन् फुटतें. पातळ सुरी शेवटपर्यंत चिरीत जाते. कांद्याचे कोश चिरडत नाहींत म्हणून डोळ्यांस झोंबणारा रसही कमी उडतो. परंतु एवढें पातळ पातें धार टिकवून धरावें तर पोलाद फार कठीण लागतें. रॉकवेल नांवाच्या मापानें जर्मन सुरी ५६ ते ५८ च्या घरांत येते. जपानी ६० पासून ६५ पर्यंत जाते. पोलाद जितकें कठीण तितकें ठिसूळ, म्हणून ती वांकत नाहीं, तडकते. आमची विळी पायाखालीं घट्ट बसून खोबरें, भोपळा, मासळी निमूटपणें कापते, कारण तिच्यांत पातें स्थिर असून जोर हाताचा लागतो, आणि तो जोर सोसण्याइतकी जाडी व मऊपणा तिला दिलेला आहे. तिला सर्व कांहीं करतां येतें. ग्यूतोनें त्या सर्वांतलें बरेंच सोडून दिलें आहे, आणि जें ठेवलें तें आमच्या विळीला कधींही साधणार नाहीं. या दोघींत श्रेष्ठ कोण हा वाद मला पोरकट वाटतो. पण खोबऱ्याच्या बाबतींत भाचा बरोबर आणि मामी चूक, एवढें मीं घरांत कबूल केलें आहे.

हा पातळपणा लोहाराच्या घणानें पुरता येत नाहीं. साकाईंत सुरी एका माणसाच्या हातून होतच नाहीं. लोहार मऊ लोखंड आणि पोलाद एकत्र तापवून, ठोकून पातें घडवितो व त्याला पाणी देतो. नंतर तें दुसऱ्या घरीं, घांसणाऱ्याकडे जातें. तो ओल्या चाकावर व दगडावर तें पातळ करतो, मधून मधून डोळ्यासमोर धरून पाहतो, कोठें वांक दिसला तर हलक्या हातोडीनें काढतो, आणि पुन्हां चाकावर धरतो. एक केसभर अधिक घांसलें तर पातें फुकट. तिसरा माणूस मॅग्नोलियाच्या हलक्या लांकडाची मूठ बसवितो. तिच्या गळ्याशीं बहुधा म्हशीच्या शिंगाचें कडें असतें. शेवटीं व्यापारी त्यावर आपलें नांव कोरून घेतो आणि विकतो.

पुढील इतिहास थोडक्यांत सांगतां येईल. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानी गृहिणीसाठीं ग्यूतो आणि भाजीची सुरी यांच्या संकरानें ‘सान्तोकू’ नांवाची आंखूड सुरी निघाली आणि घरोघर तीच पसरली. ग्यूतो मुख्यतः धंदेवाईक आचाऱ्यांकडे राहिली. १९६० मध्यें त्सुजि शिझुओ यांनीं ओसाकांत पाकशाळा काढली आणि पॉल बोक्यूजसारख्या नामांकित फ्रेंच आचाऱ्यांस तेथें बोलाविलें. अशा ओळखीपाळखींतून, आणि पुढें निर्यातीच्या व्यापारांतून, शंभर वर्षांपूर्वीं फ्रान्सकडून घेतलेली सुरी निम्म्या वजनाची होऊन फ्रेंचांच्या हातांत परत गेली. १९८२ मध्यें जपान सरकारानें साकाईच्या घडीव सुऱ्यांना पारंपरिक कलाकौशल्यांच्या यादींत घातलें.

आमच्या सुरीचा उडालेला तुकडा मात्र तसाच होता. आमच्या आळींत सायकलीवर चाक बसवून एक वृद्ध शिकलगार येतो. त्याच्या घराण्यानें कधीं काळीं तलवारी उजळल्या असतील, आतां कात्र्या व विळ्या उजळतो. त्याला मीं ती सुरी दाखविली. त्यानें ती उन्हांत आडवी धरून एका डोळ्यानें टोंकापासून मुठीपर्यंत पाहिली, अंगठ्याचें नख धारेवरून हळूच फिरविलें, आणि मान हलविली. "चाकावर नको, साहेब. तापून पाणी उतरंल हिचं. ही दगडावर बसून करावी लागते, आणि दोन दिवस लागतील." मीं बरें म्हटलें. तो पुन्हां सुरीकडे पाहूं लागला. "लई निगुतीनं घासली आहे. कोणाच्या हातची?"

पात्यावर कोरलेलीं अक्षरें मीं पूर्वींच भाच्याकडून वाचवून घेतलीं होतीं. तें दुकानाचें नांव होतें.